इंग्रजी ‘शिफ्ट’ला तुमच्याकडे काय काय म्हणतात?

घाटावरची (वाई)

नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. ‘शिफ्ट’ शब्द आला की वर्गातली निम्मी मुलं ‘बदल’ लिहून मोकळी होतात, कारण गाइडात आणि मोबाइलवर पहिला अर्थ तोच दिसतो. मग ‘ही शिफ्टेड द टेबल’चं ‘त्याने टेबल बदलले’ होतं. वाचणाऱ्याला वाटणार, जुनं टेबल भंगारात देऊन नवीन आणलं. टेबल तेच असतं, खिडकीजवळून भिंतीकडे गेलेलं असतं एवढंच.

मी फरक असा सांगते: ‘चेंज’मध्ये वस्तू वेगळी होते किंवा एकीच्या जागी दुसरी येते. ‘शिफ्ट’मध्ये वस्तू तीच राहते, तिची जागा, बाजू, दिशा किंवा वेळ सरकते. दुधाचं दही झालं तर चेंज, दुधाचं पातेलं ओट्यावरून फ्रिजमध्ये गेलं तर शिफ्ट. इथपर्यंत मुलांना कळतं. पुढे मात्र अडतं. ‘द विंड शिफ्टेड’, ‘शी वर्क्स द नाइट शिफ्ट’, ‘डोन्ट शिफ्ट द ब्लेम’, ‘अ मेकशिफ्ट टेंट’. चारही ठिकाणी मराठीत वेगळा शब्द लागतो आणि तो शब्दकोशापेक्षा माणसांच्या बोलण्यात लवकर सापडतो.

म्हणून हा धागा. आपल्या सातारा-सांगलीकडे हा शब्द दिवसभर कानावर पडतो. तुमच्या कामात तो कुठे येतो आणि त्याच जागी घरातली जुनी माणसं काय म्हणायची, ते लिहा. वर्गात वापरायचं आहे.

पॅनस्टेशन (वाळवा तालुका)

मॅडम, नमस्कार. उभी नोकरी साखर कारखान्यात गेली, त्यामुळं शिफ्टबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे.

आमच्याकडं पहाटे चार ते दुपारी बारा, बारा ते रात्री आठ आणि आठ ते पहाटे चार. गळीत हंगाम सुरू झाला की कारखाना चोवीस तास चालतो, त्याला कारण आहे. ऊस तोडल्यापासून त्यातली साखर कमी व्हायला लागते आणि गाळलेला रस तर थांबवून ठेवताच येत नाही. तो आंबतो, त्यातली साखर फुटते, मग तिचा दाणा धरत नाही. म्हणून माणसं बदलायची, काम थांबवायचं नाही.

जुने लोक ‘पाळी’च म्हणायचे. ‘कुठल्या पाळीला हाईस?’ ‘माझी दुसरी पाळी.’ आठवडा झाला की ‘पाळी फिरली’. हुद्दे मात्र तेव्हापासून इंग्रजीत: शिफ्ट केमिस्ट, शिफ्ट इंजिनिअर. आता नवीन पोरं ‘शिफ्ट कुठली?’ एवढंच विचारतात.

एक गोष्ट सांगतो, तुमच्या फरकाला उपयोगी पडेल. पॅनमध्ये, म्हणजे साखरेचा दाणा तयार होतो त्या मोठ्या बंद भांड्यात, पाक शिजत असतो. बारा वाजले म्हणून तो शिजायचा थांबत नाही. पहिल्या पाळीच्या माणसानं धरलेला दाणा दुसऱ्या पाळीचा माणूस वाढवतो आणि पॅन तो सोडतो. त्यामुळं ताबा घेताना नवीन माणूस वहीवर विसंबत नाही. स्वतः नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो, दिव्यासमोर धरून दाणा बघतो. बारीक भुकटी दिसली की आधीच्याला तिथंच थांबवतो, ‘हे बघ, मग जा’ म्हणतो. पॅन तोच, पाक तोच, हात तेवढे दुसरे. तुमच्या ‘वस्तू तीच राहते’ला हे बसतंय का बघा.

शुद्धलेखन (सातारा)

काकांनी उत्तर दिलंच आहे. ‘पाळी’ हा नेमका, छोटा, सर्वांना कळणारा शब्द घरात असताना ‘शिफ्ट’ कशासाठी? ‘रात्रपाळी’, ‘दिवसपाळी’ अजून जिवंत आहेत. वर्तमानपत्रं वापरतात. जो शब्द आपण रोज टाळू तो पुढच्या पिढीला अवघड वाटणारच. बाई, तुम्ही वर्गात आग्रह धरा.

एमआयडीसी_कुपवाड

दादा, तुमचं म्हणणं मनापासून आहे हे कळतं, पण हा शब्द का मागे पडला ते एखाद्या कामगार बाईला विचारा.

मी कंपनीत पॅकिंगला आहे. आमच्या लाइनवर बहुतेक बायका. सुपरवायझर पुरुष. ‘माझी पाळी बदलून द्या’ असं कुठली बाई त्याच्यासमोर म्हणेल? म्हटलं की मागच्या बाकावरची पोरं हसलीच समजा. म्हणून आम्ही सगळ्याजणी ‘शिफ्ट’ म्हणतो. आमच्या घरीही तसंच. सासूबाई शेतात होत्या तोवर ‘पाण्याची पाळी’ बिनधास्त म्हणायच्या, पण मी ‘माझी पाळी दोनला सुटते’ म्हटलं तर त्याच दटावतील.

आता मजा बघा, ‘रात्रपाळी’ म्हणायला कुणाला काही वाटत नाही. आधी ‘रात्र’ लागली की दुसरा अर्थ मनात येतच नाही. ‘पहिली पाळी’ म्हटलं की मात्र पुन्हा तोच प्रश्न. म्हणून रात्रपाळी टिकली आणि नुसती पाळी गेली. यात इंग्रजीचं वेड वगैरे काही नाही. लाज हे खरं कारण आहे.

माझं मत विचाराल तर दोन्ही अर्थांनी हा शब्द मोठ्यानं बोलला पाहिजे. माझ्या मुलीला मी तसंच शिकवते.

घाटावरची (वाई)

ताई, हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. आणि गंमत म्हणजे खुद्द इंग्रजीत ‘शिफ्ट’वर अगदी हीच वेळ आली होती.

सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजीत ‘शिफ्ट’ म्हणजे बायकांचं आतलं वस्त्र. अंगाचे कपडे काढून धुतलेले घालणं, म्हणजे शिफ्ट करणं, त्यावरून त्या कपड्यालाच हे नाव पडलं. त्याआधीचा ‘स्मॉक’ शब्द लोकांना गावठी वाटायला लागला होता, म्हणून हा सभ्य शब्द आला. मग हाही उघडा वाटायला लागला आणि फ्रेंच ‘शमीज’ आला. १९०७ साली डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये एका नाटकातल्या संवादात ‘शिफ्ट्स’ हा शब्द उच्चारला गेला आणि प्रेक्षकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. रागाची कारणं आणखीही होती, पण निमित्त त्या शब्दाचं झालं.

म्हणजे तिकडे ‘शिफ्ट’ बोलायची चोरी झाली, आपल्याकडे ‘पाळी’ची. आणि आपण आपला शब्द झाकायला त्यांचा उचलला.

बेदाणा (तासगाव)

पाळीवरनं आठवलं. शुद्धलेखन दादा, तुम्ही म्हणता त्याहून हा शब्द मोठा आहे. आमच्या रानात त्याचे दोन अर्थ रोजचे आहेत.

पहिली कुळवाची पाळी. नांगरट झाली, ढेकळं फुटली की कुळव मारायचा. एकदा सगळं रान आडवं फिरून झालं की ‘एक पाळी झाली’. मग उभी दुसरी. ‘दोन पाळ्या घातल्या, आता पेरायला रान तयार.’ बैल गेले, ट्रॅक्टर आला, तरी शब्द तोच. दुसरी पाण्याची. ताकारी किंवा म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी सुटलं की कागदावर ‘आवर्तन’, बांधावर ‘पाळी’. ‘तुझी पाळी कधी?’ ‘रात्री दोनला.’ दोनला उठून गेला नाहीस तर पाणी पुढच्याच्या पाटाला. त्याला कुणी शिफ्ट म्हणत नाही.

शिवाय कानाची पाळी आहे. आणि ‘कुणावर अशी पाळी येऊ नये’ हे तर सगळेच म्हणतात.

ओगलेवाडीकर (कराड)

वाचतोय आणि थांबवत नाही. दोन मुद्दे.

कंपनीच्या कामासाठी जर्मन शिकावं लागलं. जर्मनमध्ये ‘शिख्ट’ म्हणजे थर. आणि कामाची पाळी म्हणजेसुद्धा ‘शिख्ट’. इंग्रजी शिफ्टचं आणि त्याचं घराणं जवळचं आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘हलवणं’ नव्हताच. वाटण्या करणं, रचून लावणं, नेमून देणं असा होता. हलवण्याचा अर्थ नंतर आला. आता बेदाणा दादांची कुळवाची पाळी बघा: रानावर एक थर फिरून झाला. पाण्याची पाळी बघा: वाटून दिलेला वेळ. मराठी पाळीच्या मुळाशी संस्कृत ‘पालि’, म्हणजे कड, ओळ, रांग. दोन भाषा वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी आल्या आहेत. त्यामुळे कामाच्या अर्थाने शिफ्टला पाळी हा नुसता चालणारा शब्द नाही, आतपर्यंत जुळणारा शब्द आहे. कुपवाडच्या ताईंचं कारण मान्य आहे, पण शब्द गेला तर वाईट वाटेल.

दुसरं, एक शब्द उलट दिशेनेही गेला आहे. कामावर न आलेल्याच्या जागी जो उभा राहतो तो ‘बदली’ कामगार. हा शब्द जसाच्या तसा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या इंग्रजी मजकुरात होता (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली), कलम २५-सीच्या स्पष्टीकरणात: ‘बदली वर्कमन’. इंग्रजी कायदा लिहिणाऱ्यांना नेमका शब्द सापडला नाही किंवा शोधावासा वाटला नाही. आणि बाईंच्या व्याख्येप्रमाणे तो बरोबरच आहे. एका माणसाच्या जागी दुसरा आला, म्हणजे चेंज.

१९४८ च्या कारखाने कायद्यात (त्याच्याही जागी २०२५ मध्ये नवी संहिता आली) शिफ्टबद्दल एक नेमकं कलमही होतं, ५८. एकाच कामावर दोन गट एकाच वेळी येतील अशा एकमेकींवर चढणाऱ्या पाळ्या लावायच्या नाहीत. सवलतीची तरतूद होती, पण मूळ नियम हा. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, ती किती पाळली जाते यावर नजर ठेवायची तर कोण कुठल्या पाळीचा हे स्वच्छ दिसायला हवं.

टंकलेखन_मिरज

कळफलकावरच्या शिफ्टबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. इन्स्टिट्यूट चालवतो, आता कॉम्प्युटरवर, पण हात मशीनवर बसलेला आहे.

मुलांना वाटतं ‘शिफ्ट’ हे त्या बटणाचं नुसतं नाव आहे. मी त्यांना जुनं मशीन उघडून दाखवतो. प्रत्येक दांडीच्या टोकाला दोन अक्षरं कोरलेली असतात, एकाखाली एक. शिफ्ट दाबली की कागद गुंडाळलेला रूळ, कॅरेजसकट, वर उचलला जातो. दांडी नेहमीच्याच जागी येऊन आपटते, पण कागद सरकलेला असल्यामुळे दुसरं अक्षर उमटतं. काही मशीनमध्ये कॅरेज स्थिर असते आणि दांड्यांची अख्खी टोपली खाली जाते. दोन्हीकडे काहीतरी खरोखरच सरकतं. १८७४ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या पहिल्या मशीनवर फक्त मोठी अक्षरं होती. १८७८ च्या रेमिंग्टन नंबर दोनवर शिफ्ट आली आणि कळा न वाढवता लहान अक्षरं मिळाली.

देवनागरीत तर ही शिफ्ट फार सुंदर वापरली आहे. आमच्या मराठी मशीनवर बऱ्याच कळांना शिफ्ट देऊन अर्धं अक्षर मिळायचं. आणि कॉम्प्युटरवरच्या देवनागरी इन्स्क्रिप्ट कळफलकावर बघा: क ला शिफ्ट दिली की ख, ग ला दिली की घ. त चा थ, द चा ध, प चा फ, ब चा भ. ज ला दिली की झ. तोंडातली जीभ त्याच जागी, फक्त श्वासाचा जोर वाढला. अल्पप्राणाला शिफ्ट दिली की महाप्राण. ल वर ळ बसवलाय, र वर ‘तऱ्हा’तला ऱ. ज्यांनी हा कळफलक बसवला त्यांना आपली वर्णमाला कळली होती. मुलांनी हे एकदा समजून घेतलं की कळा पाठ कराव्या लागत नाहीत. बाई, तुमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दाखवून बघा.

काळी_चार (मिरज)

गाववाले, तुमचं मशीन आणि आमची स्केलचेंजर पेटी यांचं नातं सख्खं आहे. साध्या पेटीवर गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा ‘सा’, बदलली की वादकाला बोटं दुसऱ्या सुरापासून लावावी लागतात. स्केलचेंजरमध्ये खालच्या सुरांच्या पत्त्या जागेवर राहतात आणि वरचा अख्खा पट्ट्यांचा सांगाडा एकेक घर डावी-उजवीकडे सरकवता येतो. बोटं नेहमीच्याच जागी, आवाज काळी दोनचा किंवा काळी चारचा. नाव ‘चेंजर’ आहे, पण बाईंची व्याख्या लावली तर ते शिफ्टर म्हणायला हवं.

मराठीत मात्र आम्ही ‘पट्टी बदलली’ असंच म्हणतो. ‘पट्टी सरकवली’ कधी ऐकलं नाही. हे तुमच्या व्याख्येत कसं बसतं?

घाटावरची (वाई)

चांगलं अडवलंत. विचार करून सांगते.

स्लाइड (मिरज)

पॅथॉलॉजी लॅबमधून. दवाखान्यात तर शिफ्टशिवाय पान हलत नाही. ‘पेशंटला आयसीयूत शिफ्ट केलं’, ‘डिलक्समधून जनरलला शिफ्ट करा’. नातेवाईक खेड्यातले असले तरी हेच म्हणतात. ‘हलवलं’ हा शब्द मात्र जपून वापरतात. ‘मिरजेला हलवलं’ म्हटलं की तब्येत गंभीर आहे असं गावात कळतं. ‘शिफ्ट केलं’ म्हणजे नुसती खाट दुसरीकडे गेली. वीस पावलांवर नेलं तरी, वीस मैलांवर नेलं तरी, शब्दावरून माणसं काळजी किती करायची ते ठरवतात.

रिपोर्टात आणखी दोन शिफ्ट आहेत. रक्तात ‘लेफ्ट शिफ्ट’ लिहिलेलं असलं तर घाबरून डावी बाजू चाचपू नये. पूर्वी पेशी मोजायच्या तक्त्यात पांढऱ्या पेशींची कोवळी रूपं डावीकडच्या रकान्यांत लिहायचे. जंतुसंसर्ग जोरात असला की शरीर कोवळ्या पेशीही बाहेर काढतं, डावीकडचे आकडे वाढतात, म्हणून हे नाव. दुसरी, डोक्याच्या सीटी स्कॅनमधली ‘मिडलाइन शिफ्ट’. मार लागून आत रक्त साचलं की मेंदूची मधली रेषा एका बाजूला ढकलली जाते. ती मिलिमीटरमध्ये मोजतात आणि त्यावर ऑपरेशनचा निर्णय बराच अवलंबून असतो.

नदीकाठ (सांगली)

मी या शब्दाकडे कधी इंग्रजी म्हणून बघितलंच नाही. आमच्या भागात तो पुराचा शब्द आहे.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी चाळीस फूट झालं की इशारा, पंचेचाळीसला धोका. पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढला की सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर इथली माणसं दर तासाला पातळी विचारतात. रिक्षावर स्पीकर लावून सांगत फिरतात, ‘नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे’. ‘स्थलांतर’ हा शब्द रिक्षात असतो, प्रेसनोटमध्ये असतो. आमच्यातलं कुणीही स्वतःबद्दल ‘मी स्थलांतर केलं’ म्हणत नाही. ‘शिफ्ट झालीस का?’ ‘अजून नाही, सामान वर शिफ्ट केलंय.’ फोनवर एवढंच बोलणं असतं.

त्या शिफ्टला क्रम असतो. सगळ्यात आधी कागद: सातबारा, रेशनकार्ड, मुलांचे दाखले, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. मग धान्याचे डबे माळ्यावर. गॅसची टाकी सोडवून वर. फ्रिज दोन टेबलं जोडून त्यांवर चढवायचा, त्याला चार माणसं लागतात, म्हणून शेजाऱ्यांनी एकमेकांचे फ्रिज आधी उचलायचे आणि मग आपापलं बाकीचं बघायचं. म्हातारी माणसं आणि लहान मुलं आधीच विश्रामबागेकडं नातेवाइकांकडं गेलेली असतात. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा टेबलावरचे फ्रिजही तरंगले.

बाई, माझ्या कानाला फरक असा वाटतो. ‘घर बदललं’ म्हणजे पुन्हा तिथं जायचं नाही. ‘शिफ्ट झालो’ म्हणजे पाणी उतरलं की परत येणार. तेवढ्यासाठी मला हा शब्द हवा आहे. स्थलांतरमध्ये परत यायचं ऐकू येत नाही.

हेळवाककर (पाटण)

ताई, तुमचं वाचलं आणि आमचा शब्द लिहावासा वाटला.

कोयना धरणात ज्यांची गावं गेली ते कधी ‘गाव शिफ्ट झालं’ म्हणत नाहीत. ‘गाव हलवलं’सुद्धा क्वचित. ‘गाव उठलं’ म्हणतात. ‘आमचं गाव उठलं तेव्हा थोरला चुलता पाळण्यात होता.’ सरकारी कागदात ‘पुनर्वसन’, ‘प्रकल्पग्रस्त’. काही सांगली जिल्ह्यात गेले, काही सोलापूरकडं, काही खाली रायगडला. डोंगरातली भातखाचरं करणारी माणसं ज्वारीच्या रानात जाऊन बसली. पुष्कळांनी नव्या जागेला जुनंच नाव ठेवलं. देव बरोबर नेले. पण देवळाखालची जागा नेता येत नाही, ती शिवसागरात, धरणाच्या जलाशयात आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काही ठिकाणी जुनी जोती उघडी पडतात आणि माणसं बघायला येतात.

इंग्रजी अहवालात याला ‘शिफ्टिंग ऑफ व्हिलेजेस’ लिहितात. टेबल तेच राहून भिंतीकडं जातं. गाव तसं जात नाही. इथं मुलांना ‘शिफ्ट’ म्हणजे वस्तू तीच राहते असं सांगताना जरा थांबा, एवढंच माझं म्हणणं.

शुद्धलेखन (सातारा)

‘उठलं’ला तोड नाही. ‘बाजार उठला’, ‘पंगत उठली’, ‘गाव उठलं’.

कुपवाडच्या ताईंचं मी दोनदा वाचलं. शब्द टाळला जातो तो आळसानेच असं मी धरून चाललो होतो, ते या बाबतीत लागू नाही. माझा आग्रह मी एवढ्यापुरता ठेवतो: कारखान्याच्या फलकावर ‘पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असावं. रोज डोळ्यासमोर असलं की तोंडातही येईल.

दुर्बीण (सातारा)

विज्ञानातलं एक जोडतो. दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशातल्या रेषा वर्णपटाच्या तांबड्या टोकाकडे सरकलेल्या दिसतात, ती ‘रेड शिफ्ट’. १९२९ साली खगोलशास्त्रज्ञ हबलने दाखवलं की दीर्घिका जितकी दूर तितकं हे सरकणं जास्त. मराठीत याला ‘ताम्रसृती’ म्हणतात. सृती म्हणजे सरणं. आपल्या ‘सरकणे’तला सर तोच. रेषांची ठेवण तीच राहते, म्हणूनच हा हायड्रोजन हे ओळखू येतं, फक्त सगळ्या मिळून बाजूला गेलेल्या असतात. बाईंच्या व्याख्येला याहून चोख उदाहरण मला सुचत नाही.

बारावी_कॉमर्स (विटा)

मॅम, मेकशिफ्ट आणि ब्लेमचं राहिलं. आणि ‘शिफ्टलेस’ म्हणजे ‘न हलणारा’ का? प्रश्नसंचात उत्तर ‘आळशी’ दिलंय.

घाटावरची (वाई)

बाळा, उत्तर बरोबर आहे, आणि कारण शोधण्यासारखं आहे. सोळाव्या शतकाच्या इंग्रजीत ‘शिफ्ट’ म्हणजे तजवीज, युक्ती, हाताशी असलेल्यातून काढलेली वाट. ‘मेक शिफ्ट’ म्हणजे आहे त्यात भागवणं. त्यावरून मेकशिफ्ट: तात्पुरता उभा केलेला. पुरात शाळेच्या पटांगणात ताडपत्री बांधून केलेली चूल ही मेकशिफ्ट चूल. ज्याच्याकडे कसलीच तजवीज नाही, जो काही करायलाच उठत नाही, तो शिफ्टलेस. ‘शिफ्ट फॉर युअरसेल्फ’ म्हणजे तुझं तू बघ. आणि जो सारख्या युक्त्या लढवतो तो शिफ्टी, म्हणजे ज्याचा भरवसा धरता येत नाही असा. तजवीज करणारा आणि लबाड, एकाच शब्दाची दोन पोरं.

ब्लेमला आपल्याकडे ‘ढकलणे’ आहे. ‘दुसऱ्यावर ढकलू नको.’ यात दोष हा शब्दही बोलावा लागत नाही, इतकं ते बसलेलं आहे.

वाऱ्याचं अजून कुणी सांगितलं नाही.

बेदाणा (तासगाव)

वारा ‘फिरतो’. बेदाणा शेडवर टाकला की आमचं सगळं वाऱ्यावर. कोरडा वारा असला की जाळीवरचा माल बारा-पंधरा दिवसांत वाळतो. वारा फिरला आणि ढग आणले की माल काळवंडतो, भाव पडतो. ‘वारा बदलला’ असंही म्हणतात, पण ते गावातल्या इलेक्शनबद्दल जास्त.

ओगलेवाडीकर (कराड)

काळी चारच्या पेटीवर माझं उत्तर, बाईंनी तपासावं. मराठीत ‘बदल’ चालतो, पण काय बदललं ते नीट सांगावं लागतं. टेबल बदललं नाही, टेबलाची *जागा* बदलली. पेशंट बदलला नाही, *वॉर्ड* बदलला. गायक तोच, *पट्टी* बदलली. झोपेत माणूस वळला की *कूस* बदलली. जे खरंच दुसरं झालं त्याला मराठी ‘बदललं’ म्हणते, आणि जे सरकलं त्याला ‘हलवलं, सरकवलं, फिरवलं’. इंग्रजीत एका शिफ्टमध्ये दोन्ही मावतं.

घाटावरची (वाई)

हो, हेच. मी ‘बदल’ हा शब्दच बाजूला ठेवायला सांगत होते, त्याऐवजी मुलांना विचारायचं: वाक्यात बदललं काय, वस्तू की जागा? उत्तर जागा आलं तर वाक्य त्या जागेवर बांधा. उद्याच्या तासाला दहा वाक्यं देणार आहे. ‘ही शिफ्टेड द लोड टु हिज अदर शोल्डर’ त्यात घेतेय. ‘ओझं बदललं’ लिहिणारे पुष्कळ निघतील.

पॅनस्टेशन (वाळवा तालुका)

‘खांदा बदलला’, मॅडम. पालखीला तेच, उसाच्या मोळीलाही तेच. तोडकरी मोळी घेऊन फळीवरनं ट्रकवर चढतो तेव्हा खालचा माणूस ओरडतो, ‘खांदा बदलू नको, चढ!’ फळीवर खांदा बदलला की तोल जातो.